थोरलीची पाटी

"एक नंबर चालू करा," मॅडम म्हणाल्या.

फिटरबाईंनी बटण दाबलं. थोरली आधी कण्हली, मग खाकरली आणि नेहमीच्या घरघरीवर आली. पायाखालची फरशी थरथरायला लागली.

"अहो बाई, एक नंबर म्हटलं मी. तुम्ही दोन लावलात."

"नाही हो, हाच ए..." फिटरबाईंचं वाक्य तोंडातच राहिलं. मॅडमनी हातातल्या पिवळ्या लेबलांच्या गठ्ठ्यानं थोरलीच्या अंगावरची पितळी पाटी दाखवली होती. पाटीवर चांगलं ठळक लिहिलं होतं, पंप क्रमांक दोन. त्याखाली साल होतं, नऊ वर्षांपूर्वीचं.

आता थोरली काही काल-परवाची नव्हती. फिटरबाई नोकरीला लागल्या त्याच वर्षी ती या पंपघरात बसली. त्याला तेहतीस वर्षं झाली. नऊ वर्षांपूर्वी आली ती तिच्या शेजारची धाकटी. त्याच कारखान्याची, त्याच मापाची, अंगावर तोच हिरवा रंग. परक्या माणसाला दोघींत फरक सांगता येणं कठीण. आणि पंपघरात तर त्यांना नंबरानं कोणी ओळखतच नव्हतं. पॅनेलवर फिटरबाईंनी स्वतःच्या हातानं रंगवलेली दोन नावं होती, 'थोरली' आणि 'धाकटी'. रोजच्या वहीतही तेच. थोरलीचं पॅकिंग बदललं, धाकटीला ग्रीस दिलं. पाटी वाचायची वेळ येतेच कुठे? घरातल्या माणसाचं ओळखपत्र कोणी मागतं का?

फिटरबाई धाकटीपाशी गेल्या. पाटी वाचली. पंप क्रमांक एक. साल तेहतीस वर्षांपूर्वीचं. 

सात वर्षांपूर्वी कोणी मोठा साहेब बघायला येणार म्हणून पंपांना रंग द्यायचा हुकूम सुटला होता. तेव्हा फिटरबाईंनीच दोन्ही पाट्या उतरवल्या, एकाच ताटलीत रॉकेलमध्ये घासल्या, पुसल्या, आणि पाणी सोडायची वेळ झाली म्हणून घाईघाईनं परत बसवल्या. अगदी घट्ट बसवल्या. फक्त याची त्याला आणि त्याची याला. सात वर्षं कोणाला पत्ता नाही. खुद्द बसवणारीलाही नाही!

"काय झालं बाई?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. घरघर ऐकत होते," फिटरबाई म्हणाल्या आणि मुकाट्यानं धाकटीचं बटण दाबलं. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे कान तापले.

मॅडमनी एकेक पिवळं लेबल घेतलं आणि अर्धं पाटीवर, अर्धं पंपाच्या अंगावर येईल असं दाबून चिकटवलं. "आता पाटी कोणी हलवली तर लेबल फाटणार. कळणारच. आणि पॅनेलवरची ती नावं पुसून टाका हं उद्यापर्यंत. मालमत्तेला क्रमांक असतो, नाव नाही."

मॅडम अभियंत्यांच्या संस्थेच्या. त्या संस्थेचं आणि मूल्यमापकांच्या संस्थेचं वर्षानुवर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. अभियंते म्हणायचे, यंत्र फिरतंय तोवर जिवंत आहे. मूल्यमापक म्हणायचे, कागदावरचं आयुष्य संपलं की संपलं. आता मात्र दोघांचं जमलं होतं. नळ, टाक्या, पंप यांची नीट नोंद ठेवायची, कोणतं कधी बदलायचं ते मोडायच्या आधीच ठरवायचं, आणि या मालमत्ता व्यवस्थापनाचा दोघांनी मिळून गावोगाव प्रसार करायचा, असा करार व्हायचा होता. हेतू काही वाईट नव्हता. फिटरबाई गेली वीस वर्षं घसा कोरडा करून हेच सांगत होत्या. कराराचा पहिला नमुना म्हणून या पंपघराची निवड झाली होती, आणि सह्या उद्या सकाळी इथेच अंगणात, मांडव घालून, व्हायच्या होत्या.

महिनाभर तपासणी चालली होती. अभियंत्यांनी प्रकृतीचा रकाना भरला, मूल्यमापकांनी पाटी वाचून वयाचा. दोन्ही रकाने जोडून जाडजूड अहवाल आला. क्रमांक एकचं वय झालं आहे, तो काढावा. नवा पंप येईपर्यंत वर्षभर क्रमांक दोनवर भागवावं. परवा क्रेन येणार होती.

म्हणजे परवा धडधाकट धाकटी भंगारात जाणार. आणि वर्षभर टेकडीवर पाणी चढवणार कोण, तर थोरली! जिला खालच्या गल्ल्यांना पाणी देताना धाप लागते ती. टेकडीवर हजारभर घरं. त्यातलं एक फिटरबाईंचं.

पंपघराचे साहेब अंगणात मांडववाल्यांवर ओरडत होते.

"साहेब, पाट्या उलट्या लागल्यात."

"स्वागताच्या? सकाळपासून सांगतोय त्या मूर्खांना!"

"पंपांच्या."

साहेब वळले. फिटरबाईंनी सगळं सांगितलं, रंगापासून रॉकेलच्या ताटलीपर्यंत. साहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"कोणी लावल्या होत्या?"

"मी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग इकडे तिकडे बघत आवाज खाली आणला. "बाई, दोन महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय. उद्या दोन्ही संस्थांचं प्रशस्तिपत्र मिळतंय तुम्हाला, स्टेजवर. पंपघरातल्या माणसाला आजवर असलं काही मिळालंय? आणि आजच तुम्हाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाय?"

"क्रेन परवा येतेय साहेब."

"बघू."

"काय बघू?"

"बघू म्हणजे बघू! वर काय सांगू मी? महिनाभर दोन-दोन संस्था तपासत होत्या आणि पंपच उलटे निघाले? हसं होईल माझं. करार होऊ दे, फोटो होऊ देत, मग सावकाश काहीतरी मार्ग काढू. आणि मॅडमना यातलं एक अक्षर कळलं, तर तुमच्या सेवापुस्तकात लाल शेरा मारावा लागेल मला. सांगून ठेवतो."

'सावकाश' हा साहेबांचा लाडका शब्द. गेल्या वर्षीचा गळका व्हॉल्व्हही सावकाशच बदलायचा राहिला होता.

पंपघरात ऑपरेटर वाटच बघत होता. त्याचं नाव पडलं होतं भोंगा, कारण पंपांच्या आवाजात बोलून बोलून त्याला हळू बोलता येत नसे. आज मात्र तो कुजबुजला, म्हणजे फक्त अंगणापर्यंत ऐकू गेलं.

"ताई, आठ स्क्रू! जेवणाच्या सुट्टीत पाट्या बदलून टाकू. लेबल हळूच उकलू, गोंद लावून परत चिकटवू. क्रेनवाला एक नंबर उचलणार, थोरली जाईल, धाकटी राहील. तुमचं प्रशस्तिपत्र पण राहील. कोणाच्या बापाला कळत नाही."

खोटं कशाला बोला, फिटरबाईंना पटलं. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. रोज सकाळी याचंच टोक बेअरिंगवर टेकवून, मूठ कानाला लावून त्या दोघींची प्रकृती ऐकायच्या. मांडी घालून थोरलीसमोर बसल्या. नखानं लेबलाची कड उचलली. अर्धा बोटभर उकललंसुद्धा.

आणि थांबल्या. उचललेली कड अंगठ्यानं परत दाबून बसवली.

"काय झालं?"

"सात वर्षांपूर्वी न बघता चुकले. आता बघून चुकवू?" त्या उठल्या. "वहीत मी कधी खोटी ओळ लिहिली नाही. माझ्या मागून येणाऱ्यानं कशावर भरवसा ठेवायचा? चोरून केलेली दुरुस्ती म्हणजे आणखी एक बिघाडच रे."

"अहो पण लाल शेरा!"

"मारू दे. शाई त्यांची आहे."

म्हणायला म्हणाल्या, पण घरी जाताना टेकडीचा चढ नेहमीपेक्षा जड गेला.

घरी नवरा मशीनवर बसला होता. शिंपीकाम घरातच चालायचं, पुढच्या खोलीत. त्यानं त्यांचा खाकी गणवेश उसवून नव्यानं शिवला होता, कॉलरला कडक अस्तर घालून. आणि भिंतीवर, घड्याळाच्या शेजारी, एक नवा खिळा ठोकलेला होता.

"फ्रेमसाठी," तो म्हणाला. "पातळी लावून ठोकलाय. म्हटलं तू लगेच चूक काढशील."

फिटरबाई खिळ्याकडे बघत राहिल्या आणि मग खुर्चीत बसून सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नवरा तोंडात टाचण्या धरून ऐकत होता. त्यानं एकेक टाचणी काढून डबीत टाकली.

"मग अडलंय कशात?"

"अहो, थोरली जाईल." फिटरबाईंचा आवाज फाटला. "त्या पाट्यांमुळे ती वाचली होती. मी तोंड उघडलं की परवा ती क्रेनवर. तेहतीस वर्षं रोज कान लावलाय मी तिला. या घरात तुम्हीसुद्धा ऐकलं नसेल एवढं कौतुक तिनं ऐकलंय माझ्याकडून."

"ते मला माहीत आहे," शिंपी म्हणाला. "तेहतीस वर्षं जळतोय मी." मग गंभीर झाला. "तिला सोसत नाही ना आता?"

"नाही."

"मग तिला टेकडी चढायला लावणं हे प्रेम आहे का गं?"

 नवऱ्यानं गणवेश झटकून त्यांच्या पुढ्यात धरला. "घालून बघ. स्टेजवर भांडायचं तर काखेत तंग नको. आणि खिळ्याचं म्हणशील, तर माझी टेप लटकेल त्याच्यावर. रोज शोधावी लागते."

सकाळी अंगण माणसांनी भरलं. स्टेजवर दोन्ही संस्थांचे अध्यक्ष बसले होते. अभियंत्यांचे उंच आणि किडकिडीत, मूल्यमापकांचे बुटके आणि गोलमटोल. साहेब हारांची मोजदाद करत फिरत होते आणि मधून मधून फिटरबाईंकडे डोळे वटारून बघत होते. भाषणं झाली. 'ऐतिहासिक' हा शब्द अकरा वेळा आला. भोंगा बोटं मोजत होता.

सह्यांच्या आधी प्रशस्तिपत्राची पाळी आली. फिटरबाईंना वर बोलावलं. टाळ्या पडल्या. चकचकीत चौकट त्यांच्या हातात आली, फोटो निघाला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

फिटरबाईंनी चौकट टेबलावर पालथी ठेवली आणि माइक धरला.

"मला हे घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "अजून सह्या झाल्या नाहीत, म्हणून आत्ताच सांगते. तुमच्या अहवालात एक नंबर म्हणून जो पंप काढायचा आहे, तो एक नंबर नाही. दोघांच्या पाट्या उलट्या आहेत. मीच लावल्या, सात वर्षांपूर्वी, घाईत. चूक माझी. उद्या क्रेन चांगला पंप घेऊन जाईल आणि टेकडीवरची हजार घरं कोरडी पडतील. ती चूक मात्र एकटीची राहणार नाही. ती आपल्या सगळ्यांची असेल."

 साहेबांची पाचावर धारण बसली. ते स्टेजकडे धावले. "बाईंची तब्येत जरा... कामाचा ताण..."

"तब्येत ठणठणीत आहे माझी!" फिटरबाई गरजल्या. पंपांवर आवाज चढवायची सवय. माइकची गरजच नव्हती. "कालच सांगितलं होतं साहेबांना. बघू म्हणाले."

बुटके अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. "बाई, आमच्या माणसांनी पाटी वाचून नोंद केली आहे. सात वर्षांपूर्वीची गोष्ट तुम्हाला चुकीची आठवत असेल. पुरावा काय?"

"पुरावा आत आहे. या."

"आत्ता?"

"क्रेन उद्या आहे साहेब. तुम्हाला कधी सवड आहे?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. उंच अध्यक्ष उठले. मग बुटक्यांनाही उठावं लागलं. गळ्यातल्या हारांसकट दोघं पंपघरात शिरले. मागून मॅडम, साहेब, आणि दारात सगळा मांडव.

फिटरबाई थोरलीच्या पायाशी बसल्या. कारखान्यात प्रत्येक पंपाच्या ओतीव अंगावरच क्रमांक ठोकतात, खाली, पायाजवळ. पाटी हलते, तो हलत नाही. पण त्यावर रंगाचे तीन थर चढले होते. त्यांनी पत्र्याच्या पट्टीनं खरवडायला सुरुवात केली. हिरवा निघाला, त्याखालचा करडा निघाला, त्याखालचा लाल. साहेबांनी केविलवाण्या आवाजात म्हटलं, "नवीन रंग हो..." कोणी लक्ष दिलं नाही.

"वाचा," फिटरबाई टॉर्च धरून म्हणाल्या.

वाचायचं तर गुडघे टेकायला हवेत. उंच अध्यक्ष टेकले. बुटके क्षणभर आपल्या इस्त्रीच्या पँटकडे बघत राहिले, मग तेही टेकले. दोन्ही संस्था तेलकट फरशीवर खांद्याला खांदा लावून वाकल्या. ऐतिहासिक म्हणतात ते हेच असावं.

"शेवटी चार, एक, सात," उंच अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी अहवाल उघडला. पान उलटलं. परत उलटलं. "चारशे सतरा हा... जुन्या पंपाचा क्रमांक आहे. तेहतीस वर्षांपूर्वीचा." त्या फिटरबाईंकडे बघत हळूच म्हणाल्या, "मला शंका आली होती. नवा पंप इतका थरथरतो कसा, म्हणून. पण वयाचा रकाना त्यांचा होता."

"आणि प्रकृतीचा तुमचा!" बुटके अध्यक्ष गुडघ्यांवरूनच म्हणाले. "आम्ही कशाला त्यात तोंड घालू?"

"हेच!" फिटरबाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही यांच्यावर सोपवलं, यांनी तुमच्यावर. दोघं एकत्र आलात ते चांगलंच झालं. कोणीतरी यायलाच हवं होतं. पण महिनाभर इथे येताय, रोज मी इथेच उभी होते. कागद मागितलेत, पाणी मागितलंत. माझी वही वीस वर्षांची आहे, त्यात कोणती कधी आजारी पडली ते तारखेनिशी आहे. ती चाळून परत दिलीत, का, तर नंबर नाहीत, नावं आहेत म्हणून. वही वाचली असती तर माझी चूक तुम्हाला एका दिवसात सापडली असती. मला लाज वाटते माझ्या चुकीची. तुम्हालाही थोडी वाटू द्या."

 दारातून भोंग्याचा आवाज आला, "बरोबर आहे!" आणि तो रस्त्यापर्यंत गेला.

करार झाला. दुपारी, अहवालातली दोन पानं बदलून. मॅडमनी तक्त्यात हातानं तिसरी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'चालवणाऱ्याचं म्हणणं'. "पुढच्या गावापासून हा रकाना राहील," त्या म्हणाल्या. "राहिला की कळवा," फिटरबाई म्हणाल्या. पॅनेलवरची नावं पुसा असं मॅडम पुन्हा म्हणाल्या नाहीत.

प्रशस्तिपत्राची चौकट टेबलावर पालथी होती, ती कोणीतरी गाडीत घालून परत नेली. संध्याकाळी साहेबांनी मेमो दिला. कर्तव्यात निष्काळजीपणा, सेवापुस्तकात नोंद. तेहतीस वर्षांतली पहिली.

फिटरबाईंनी तो उभ्यानं वाचला, खाली सही केली आणि सहीच्या वर दोन ओळी लिहिल्या. 'चूक मान्य आहे. सांगू नका असं सांगितलं असताना सांगितली, याचीही नोंद व्हावी.'

"हे कशाला?" साहेब चिडले.

"नोंद पुरी हवी साहेब. नोंदी नीट ठेवायचा कालच करार झालाय ना."

"आज झालाय."

"बघा, तुम्हाला तारखा पाठ आहेत."

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. थोरलीचे बोल्ट फिटरबाईंनीच सोडवले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. एकेक बोल्ट सैल होत गेला, हात थांबला नाही. शेवटचं पाणी काढलं. पट्टे बांधले. क्रेनवाल्यानं साखळी ताणायला घेतली.

"थांब," त्या म्हणाल्या. "पाटी राहिली."

त्यांनी धाकटीवरची पाटी उतरवली, थोरलीवरची उतरवली. या वेळी ताटलीत टाकली नाही. एक डाव्या खिशात, एक उजव्या. आधी धाकटीला तिची लावली. मग थोरलीकडे वळल्या.

"अहो बाई," साहेब घड्याळ बघत म्हणाले, "ती भंगारात चाललीय. तिला कसली पाटी?"

"सात वर्षं दुसरीच्या नावानं राबली. जाताना तरी आपल्या नावानं जाऊ दे."

साहेबांनी घड्याळावर बाही ओढली. भोंगासुद्धा गप्प होता, म्हणजे काय ते समजा.

फिटरबाईंनी बाहीनं पितळ पुसलं. पाटी वाचली. मग परत एकदा वाचली, बोट ठेवून. पहिला स्क्रू बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा जरा तिरका गेला. क्रेनवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी तो परत काढला, आट्यांवर फुंकर मारली आणि सरळ धरून पहिल्यापासून फिरवायला सुरुवात केली.